धाकटीच्या अक्षरातली चिठ्ठी

दुकानात सगळेच त्यांना वहिनी म्हणायचे. मालक वयाने त्यांच्यापेक्षा मोठे, तरी तेही वहिनीच म्हणत; गिऱ्हाइकंही ऐकून ऐकून म्हणायला लागली होती. मी माशांकडे असायचो. टाक्या घासणं, पाणी बदलणं, मेलेला मासा कुणाच्या नजरेला पडायच्या आत उचलणं, हे माझं काम. माझ्या टाक्यांना लागून मागची खोली होती आणि तिथे पाळीव उंदरांचे खोके. ते वहिनींचं राज्य. आमच्यामध्ये भिंत नव्हती, एक लाकडी फडताळ होतं, तेही कमरेएवढं. त्यामुळे जे सांगतोय त्यातलं बरंचसं मी डोळ्यांनी पाहिलेलं आहे. घरातलं जे आहे ते वहिनींनी स्वतः सांगितलं, बऱ्याच उशिरा.

माशांचं एक बरं असतं. मासा नर आहे की मादी, हे सहसा कुणी विचारत नाही. उंदीर घ्यायला आलेला माणूस मात्र पहिलं तेच विचारतो, आणि त्याने विचारायलाच हवं. दोन नर एका खोक्यात ठेवले तर एकमेकांचे कान फाडतात. नर आणि मादी ठेवली तर तीन आठवड्यांत पाळणा हलतो. माद्या माद्या मात्र सुखाने नांदतात, एकमेकींच्या अंगावर पडून झोपतात. म्हणून पोरांसाठी घेणारे सगळे माद्या मागतात. आणि चार आठवडे झाले की भाऊ-बहिणी वेगळ्या कराव्याच लागतात, नाहीतर पुढचा गोंधळ घरातच.

पण महिन्याच्या पिल्लात फरक तो किती? शेपटीखाली दोन ठिपके असतात. मादीत त्यांच्यामधलं अंतर तिळाएवढं, नरात दोन तिळांएवढं. बस. एकटं पिल्लू पाहिलं तर कुणालाच सांगता येत नाही, एका वेतातली भावंडं शेजारी शेजारी धरून तुलना करावी लागते. दुसरी खूण दहाव्या दिवशी दिसते. पोटावर दाट लव यायच्या आत मादीच्या पोटावर दोन्ही बाजूंना बारीक ठिपक्यांची रांग उठून दिसते. हे ठिपके म्हणजे पुढे तिचे स्तन. रांग दोन दिवस दिसते, मग लवेत बुडून जाते. पाच आठवड्यांनी नर आपणहूनच कळायला लागतो म्हणतात, पण थंडी वाजली किंवा घाबरला की सगळं पोटात ओढून घेतो आणि साळसूद मादी होऊन बसतो.

वहिनींना हे काहीच लागायचं नाही. शेपटीच्या बुडाला धरायचं, टोकाला नाही, पुढचे पाय आपल्या बाहीवर टेकवू द्यायचे, एक नजर टाकायची. "नर. मादी. मादी. नर." भाजी निवडावी तसं. एकोणीस वर्षं. दुसऱ्या दुकानातून घेतलेले उंदीर घेऊन लोक आमच्याकडे यायचे, जनावरांचे डॉक्टरसुद्धा एखाद्याला सांगायचे, "त्या वहिनींना दाखवून घ्या." मग वहिनी पदर खोचून, मान किंचित वाकडी करून पिल्लू उचलायच्या, आणि त्यांनी सांगितलं म्हणजे सांगितलं. घरी त्यांच्या या विद्येची किंमत शून्य होती. नवरा नळदुरुस्तीची कामं करायचा. "आमची ही उंदरांच्या शेपट्या उचलते," असं पाहुण्यांसमोर सांगून हसायचा. वहिनीही हसायच्या. दुसऱ्या दिवशी दुकानात आल्या की मात्र पहिला खोका उघडेपर्यंत कुणाशी बोलायच्या नाहीत.

मी त्यांच्या उपकाराखाली होतो. माझी बायको इस्पितळात होती तेव्हा तीन आठवडे या बाईने माझा डबा आणला. मी न मागता. हे आधीच सांगतो, कारण पुढे मी जे केलं, किंवा केलं नाही, त्याला माझ्यापाशी एवढंच कारण आहे.

धाकटी म्हणजे त्यांची जाऊ. दीर दुसरीच्या नादाने गाव सोडून गेला आणि बायको आणि मुलगी भावाच्या, म्हणजे वहिनींच्या, घरात तशाच राहिल्या. मुलगी तेव्हा आठ वर्षांची. घरात बसून रडण्यापेक्षा चार माणसांत वावरेल म्हणून वहिनींनीच मालकांकडे शब्द टाकला आणि तिला आपल्या हाताखाली घेतलं. चांगलंच केलं. फक्त ते चांगलं केलेलं त्या विसरू द्यायच्या नाहीत. गिऱ्हाइकासमोर म्हणायच्या, "ही माझी जाऊ. मीच लावलीये." धाकटी मान हलवायची आणि खोक्यातला भुसा बदलत राहायची.

धाकटी अबोल, पण हाताला नेमकी. तिने एक वही केली होती. प्रत्येक वेताची तारीख, दहाव्या दिवशी किती पिल्लांच्या पोटावर ठिपके दिसले तो आकडा, प्रत्येक पिल्लाचा रंग, डोक्यावरचा चट्टा. वहिनींना हसू यायचं.

"वहीत बघून कळतं होय गं? नजर लागते नजर."

"मला कुठे आहे तुमच्यासारखी नजर, जाऊबाई," धाकटी म्हणायची. "म्हणून लिहिते."

यात टोमणा नव्हता. पण वर्ष-दीड वर्षात असं झालं की तिचं सांगणं एकदाही चुकलं नाही, आणि गिऱ्हाइकं विचारायला लागली, "त्या दुसऱ्या बाई नाहीत का आज?" वहिनी एकदा फडताळावरून माझ्याकडे वाकून म्हणाल्या, "पाहिलंत ना भावजी? कानामागून आली आणि तिखट झाली." हसल्या, पण डोळे हसले नाहीत.

डोळ्यांचंच खरं दुखणं होतं. त्या वर्षी वहिनी पिल्लू घेऊन खिडकीपाशी जायला लागल्या. ट्यूबलाइट मंद झालीये म्हणून मालकांकडून नवीन लावून घेतली, तरी खिडकी सुटेना. एक नजर टाकणाऱ्या बाई आता पिल्लू डावीकडे धर, उजवीकडे धर, असं करायला लागल्या. मला वाटलं, वय. त्या एकट्याच डोळ्यांच्या डॉक्टरांकडे जाऊन आल्या होत्या, हे मला कुठे माहीत! नजरेच्या बरोबर मधोमध एक धुरकट डाग पडत चालला होता. कडेचं सगळं दिसायचं. जिथे पाहायचं नेमकं तिथेच दिसायचं नाही. चष्म्याने सुधारणारं नाही, फार तर वाढ सावकाश होईल, असं डॉक्टरांनी सांगितलं. वहिनींनी तो कागद घरी न नेता रस्त्यातच फाडून टाकला.

धाकटीच्या मुलीच्या शाळेतल्या बाईंना वर्गात पाळायला चार उंदीर हवे होते. मुलांना जीव लावायची सवय लागावी म्हणून. दुकान धाकटीनेच सुचवलेलं; मुलगी त्याच वर्गात. अट एकच, सगळ्या माद्या. बदामी रंगाच्या एका वेतातून चार निवडायच्या ठरल्या.

त्या दिवशी मी कोपऱ्यातल्या मोठ्या टाकीत पाइपने पाणी भरत होतो. फडताळापलीकडे दोघी जावा. वहिनी उचलून सांगत होत्या, धाकटी वेगळ्या खोक्यात ठेवत होती. तिसऱ्या पिल्लाला धाकटी थांबली.

"जाऊबाई, हा नर असेल. डोक्यावर पांढरा चट्टा असलेला. दहाव्या दिवशी याच्या पोटावर काही नव्हतं."

"मादी आहे."

"अंतर बघा ना, शेजारचीशी धरून—"

"मी बघितलं. मादी."

"वहीत लिहिलंय मी. या वेतात सातात तीनच माद्या आहेत. चौथी दुसऱ्या वेतातली घेऊ."

मी नळ बंद केला. पाण्याच्या आवाजात नीट ऐकू येत नव्हतं.

"तू मला शिकवणार?" वहिनींचा आवाज चढला नाही, उलट खाली आला. "तुझी वही जन्माला यायच्या आधीपासून मी हे करतेय. शाळेत मुलीसमोर मिरवायचंय म्हणून माझ्या चुका काढतेस होय? लिही चिठ्ठी. चार माद्या. लिही."

धाकटीने लिहिली. आमच्याकडे खोक्याला चिठ्ठी लावायची पद्धत होती: किती, नर की मादी, जन्मतारीख. सुबक, गोल अक्षर होतं तिचं. मी नळ पुन्हा सोडला.

पंधरा-वीस दिवसांनी शाळेला महिन्याची सुटी लागली. उंदीर वर्गातच राहिले. शिपाई येऊन दाणापाणी टाकायचा. त्याला कुणी उघडून बघायला सांगितलं नव्हतं. आत काहीतरी जास्त वळवळतंय, असं त्याने म्हणे एकदा कुणाला तरी सांगितलं, पण सुटीत शाळेत ऐकायला होतं कोण?

शाळा उघडली त्या दिवशी दुपारी बाई खोका घेऊन आल्या. वरून वर्तमानपत्र झाकलेलं. मालकांच्या टेबलावर ठेवला आणि म्हणाल्या, "मुलांनी उघडला. मी नव्हे. मुलांनी."

मालकांनी कागद उचलला आणि लगेच परत टाकला. मी माझ्या जागेवरून जेवढं पाहिलं तेवढं पुरे होतं. तीन माद्या व्यायलेल्या, एकदा व्याल्या की लगेच पुन्हा गाभण राहिलेल्या. एवढ्याशा खोक्यात चाळीस-पन्नास जीव. जागा नाही, दाणे चौघांपुरते. अशा वेळी उंदरीण आपल्याच पिल्लांचं काय करते ते मला माहीत होतं. त्या वर्गातल्या तीस मुलांना त्या दिवशी कळलं.

"एक मुलगी दोन तास बोलत नाहीये," बाई म्हणाल्या. "बाकीच्यांनी तिला घेरलं होतं. तुझ्या आईच्या दुकानातले, तुझ्या आईने दिलेले. मी सोडवलं तिला. पण मी किती वेळ पुरणार?"

धाकटी मागच्या खोलीच्या दारात उभी होती. तिच्या हातात पाण्याची बाटली होती, ती तिने खाली ठेवली नाही.

बाई गेल्यावर मालकांनी खोक्यावरची चिठ्ठी सोडवली, उजेडात धरली.

"कोणी निवडून दिले हे?"

मालकांनी चिठ्ठी वहिनींसमोर धरली.

"वहिनी, मी विचारतोय."

वहिनींनी चिठ्ठी हातात घेतली. डोळ्यांच्या कडेने पाहिली, त्यांना तसंच पाहावं लागायचं. मग म्हणाल्या, "अक्षर धाकटीचं आहे."

एक शब्द खोटा नव्हता. मी आयुष्यात पुष्कळ खोटं ऐकलंय, पण त्या तीन शब्दांएवढं खोटं ऐकलेलं नाही.

धाकटीने जावेकडे एकदा पाहिलं. रागाने नाही. बसमध्ये ओळखीचा माणूस दिसावा आणि जवळ गेल्यावर तो भलताच निघावा, तसं. वही तिच्यामागे फडताळावरच होती. हात लांब केला असता तर मिळाली असती. मला वाटलं, आता उघडेल, आता दाखवेल.

"हो," ती म्हणाली. "अक्षर माझंच आहे."

मालक म्हणाले, "उद्यापासून येऊ नका." तिने अंगावरचा कामाचा झगा काढला, घडी घातली, खुंटीवर न टांगता स्टुलावर ठेवला. वही पिशवीत टाकली आणि गेली. आणि मी? माझ्या हातात जाळी होती. मी टाकीतली पानं काढत राहिलो. तोंडात मिठाची गुळणी धरून.

आठवड्याने ती मला बसथांब्यावर भेटली. इस्पितळाच्या धुलाईखान्यात इस्त्रीचं काम मिळालं होतं, हाताला दोन-तीन ठिकाणी भाजल्याच्या खुणा होत्या. मी म्हटलं, "बोलली का नाहीस तू? वही होती की तुझ्याकडे."

"रात्री झोपायला कुठे जायचं होतं बोलून?" ती म्हणाली. "घर त्यांचं. ताट त्यांचं. माझी मुलगी त्यांच्या पलंगाखाली दप्तर ठेवते." मग रस्त्याकडे पाहत, "तुम्हीही ऐकलं होतंत ना मासेवाले. ऐकू यावं म्हणून तर नळ बंद केला होतात."

तिची बस आली. माझीही तीच होती. मी चढलो नाही.

दुकानात वहिनी एकट्या पडल्या. आता खोके सगळे त्यांच्याकडे, आणि चूक झाली तर नाव घ्यायला दुसरं अक्षर नाही. त्या माझ्याकडे पिल्लू आणायच्या आणि हसत म्हणायच्या, "बघू भावजी, इतकी वर्षं शेजारी आहात, तुम्हाला कळतं का?" मी सांगायचो. त्या "शाबास" म्हणून चिठ्ठी लिहायच्या. तिसऱ्या-चौथ्या वेळी मला उमगलं की ही परीक्षा माझी नाही. मी घाबरलो. दुसऱ्यांदा वर्गातल्या मुलांसमोर तसला खोका उघडावा आणि तो माझ्या सांगण्यावरून गेलेला असावा, हे मला नको होतं. मी म्हटलं, "वहिनी, मला मासेच बरे." त्यांनी पुन्हा विचारलं नाही.

मग त्यांनी जे केलं ते ऐकून माझा आधी विश्वासच बसला नाही. दहा दिवसांची पिल्लं, त्यांची आई, घरट्याचा कापूस, सगळा लहान खोका कापडी पिशवीत घालून त्या संध्याकाळी घरी न्यायला लागल्या. मालकांना सांगायच्या, "आईचं लक्षण ठीक नाही, पिल्लांवर नजर ठेवायला हवी." घरी गेल्यावर ती पिशवी स्वयंपाकघरातल्या टेबलावर ठेवायची. काही बोलायचं नाही.

पहिल्या दिवशी धाकटी भांडी घासत होती. मुलगी टेबलाच्या दुसऱ्या टोकाला गणितं सोडवत होती. धाकटीने पिशवी पाहिली, हात पुसले, दिवा जवळ ओढला. एकेक पिल्लू तळहातावर उताणं धरून पाहिलं, शाईच्या पेनाने माद्यांच्या शेपटीच्या बुडाशी ठिपका दिला. "चार माद्या, तीन नर," म्हणाली. हात धुतले आणि पुन्हा भांड्यांकडे वळली.

असं जवळजवळ आठ महिने चाललं. दर आठवड्याला एक पिशवी. नवऱ्याला वाटायचं, बायको उंदीर घरी आणते, वेडी आहे. काढून टाकलेली बाई घरी बसून दुकानाचं काम करत होती आणि शाबासकी ठेवून घेतलेल्या बाईला मिळत होती. मालक म्हणायचे, "धाकटी गेली ते बरंच झालं. वहिनींचा हात पुन्हा बसला."

वहिनींनी मला सांगितलं, "भावजी, मी दर वेळी वाट बघायचे. आज मुद्दाम चुकीचं सांगेल, आज सूड घेईल. एकदाही चुकली नाही हो. एकदा मीच विचारलं, तुला राग नाही येत? तर म्हणाली, पिल्लांचा काय दोष."

मुलीसाठी त्या मधूनमधून काही आणायच्या, रंगीत पेन्सिली, केसांच्या पिना. मुलगी "थँक्यू काकू" म्हणायची आणि वस्तू न उघडता कपाटावर ठेवायची. घरात तिच्या कानावर हेच पडत होतं की आईच्या निष्काळजीपणामुळे ते झालं. काका जेवताना म्हणायचा, "लक्ष देऊन अभ्यास कर, आईसारखं नको." वहिनी त्या वेळी ताटात पाहायच्या. धाकटी मुलीला वाढायची.

वर्ष भरायच्या आत धाकटीने धुलाईखान्याजवळ एक खोली पाहिली. जिन्याखालची, एक खिडकी, पण दाराला कुलूप तिचं. सामान दोन खेपांत हललं. निघताना वहिनी दारात आडव्या झाल्या.

"का जातेस? मी काही बोलले का तुला?"

"नाही," धाकटी म्हणाली. "तुम्ही काहीच बोलला नाहीत, जाऊबाई."

त्यानंतर दोन महिन्यांत उंदरांच्या खोलीचं व्हायचं ते झालं. एक गिऱ्हाईक भांडून गेलं, मग दुसरं. तिसरं आलं त्या दिवशी वहिनी मालकांच्या टेबलासमोर जाऊन उभ्या राहिल्या आणि सगळं सांगितलं. डोळ्यांचं, चिठ्ठीचं, पिशवीचं. मी टाकीमागे होतो. सांगण्याइतकं धैर्य आलं होतं की लपवण्यासारखं काही उरलं नव्हतं, ते मी ठरवू शकत नाही. त्यांनाही ठरवता येत नसावं.

मालकांनी ऐकून घेतलं. मग म्हणाले, "मला वाटलंच होतं. पण लोक यायचे ते तुमच्या नावाने. त्या दिवशी चूक तुमची म्हटली असती तर दुकानाचं काय राहिलं असतं?"

"मग आता तिला परत बोलवा."

"आता कशाला? मी उंदीर बंदच करतोय. मोठ्या पैदासवाल्याकडून तयार खोके येतात, नर वेगळे, माद्या वेगळ्या, जबाबदारी त्यांची. तुम्ही पुढे काउंटरवर बसा, पक्ष्यांच्या दाण्याच्या पिशव्या द्या. त्याला नजर लागत नाही."

शेवटचं वाक्य त्यांनी प्रेमानेच म्हटलं होतं. वहिनी त्यावर "बरं" म्हणाल्या.

पुढच्या सुटीच्या दिवशी त्या धाकटीच्या खोलीवर गेल्या. इमारतीत शिरताना चार पायऱ्या उतरायच्या होत्या, उजेड कमी, भिंतीला हात लावून उतरल्या. दार मुलीने उघडलं. आता दहाची झाली होती, उंची वाढली होती. वहिनींनी सगळं पाठ करून ठेवलं होतं. दारातच उभं राहून त्या म्हणाल्या, "बाळा, मला तुला एक सांगायचंय. त्या वर्गातल्या उंदरांचं. ती चूक तुझ्या आईची नव्हती. माझी होती. आईने मला सांगितलं होतं आणि मी ऐकलं नाही."

मुलगी म्हणाली, "मला माहितीये."

"कुणी सांगितलं?"

"आईने. त्याच दिवशी. वही दाखवली मला." आणि मग सगळं एका दमात, जणू तिनेही पाठच करून ठेवलं होतं: "पण कुणाला बोलायचं नाही म्हणाली, शाळेतसुद्धा नाही. आपल्याला तिथे राहायचंय म्हणाली. तुम्ही पिशवी आणायचा ना काकू, तेव्हा मी गणितं करत नव्हते. नुसती वहीत रेघा मारायचे."

वहिनी तिच्या खांद्यावरून आत बघायला लागल्या. त्यांनी विचारलं, "आई कुठेय?"

मुलीने मागे पाहिलं. "आत आहे. कुणीही विचारलं तर नाही म्हणून सांग, असं म्हणालीये. पण मला आता खोटं बोलायचा कंटाळा आलाय."

आतून काहीच आवाज आला नाही. भांड्याचा नाही, पावलाचा नाही. वहिनी वळल्या. पायरी नेमकी कुठे आहे ते दिसेना, पाय चाचपडायला लागला. तेव्हा मुलीने येऊन त्यांचं कोपर धरलं, एकेक पायरी चढवत रस्त्यापर्यंत आणून सोडलं आणि परत गेली.

"माझ्या कोपराला तिने किती सांभाळून धरलं होतं भावजी," वहिनी म्हणाल्या. "मी तिच्या जागी असते तर धरलं नसतं."

हे सांगताना त्या काउंटरमागे बसल्या होत्या. एका माणसाने दाण्याची पिशवी मागितली, त्यांनी चाचपून दुसरीच दिली, त्याने हसून बदलून घेतली. मी त्यांना सांगू शकलो असतो की धाकटीने बसथांब्यावर मला काय म्हटलं होतं. चूक एकट्या तुमची नव्हती, असंही म्हणू शकलो असतो, आणि ते खरंही होतं. मी "चहा आणू का?" म्हणालो. त्या "नको" म्हणाल्या.

धाकटी अजून धुलाईखान्यातच आहे, आता इस्त्रीच्या टेबलावर दोघी-तिघींना शिकवते असं ऐकलं. मी त्या वाटेने जात नाही.